एकतिसावं लग्न

दौंड स्टेशनच्या फलाटावर, पुण्याकडच्या टोकाला, चोपन्न माणसं ओळीनं उभी होती. म्हातारे, बायका, पेंगुळलेली पोरं, मुंडावळ्यांची पिशवी पोटाशी धरलेली करवली. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गाडीतल्या जागेचा नंबर. ओळीच्या पुढे एक सडपातळ मुलगी मनगटावरचं घड्याळ बघत उभी होती.

"कुणाची वाट बघताय?"

तिनं वळून पाहिलं. पांढरा गणवेश, बगलेत गुंडाळलेला हिरवा झेंडा, आणि उन्हानं किंचित बारीक झालेले डोळे.

"मनमाडकडून येणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीची. आमचा डबा इंजिनापासून तिसरा आहे."

"बरं. आणि इंजिन कुठल्या बाजूला असेल?"

"पुण्याच्या," ती म्हणाली. "गाडी पुण्यालाच जाणार आहे ना?"

तो हसला नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्यानं फक्त रुळांकडे एकदा पाहिलं, आणि वर्गात मागच्या बाकावरच्याला समजावून सांगावं तसं सांगितलं. मनमाडची गाडी दौंडला पुण्याच्याच बाजूनं आत शिरते. इंजिन तिकडं, सोलापूरच्या तोंडाला थांबतं. मग इंजिन सोडवून ह्या टोकाला लावतात, आणि गाडी आली तशी उलटी निघते. तेव्हा तिचा तिसरा डबा येणार तो फलाटाच्या पार त्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी.

शिरूरला रेल्वे नाही. शिरूरची माणसं एसटीत वाढलेली, आणि एसटीला तोंड एकच असतं.

ज्ञानेश्वरीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण आवाज चढला नाही. तिनं ओळीला जागच्या जागी पाठमोरं वळवलं, शेवटच्याला पहिला केलं, आणि चोपन्न माणसं, आहेराची खोकी आणि एक रुसलेले आजोबा त्या टोकाकडे चालू लागले. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, की शिरूरच्या वऱ्हाडी मंडळींनी घाई करू नये, गाडी इथं पंचवीस मिनिटं थांबते, नवरदेवाला घेतल्याशिवाय सुटणार नाही. सगळा फलाट हसला. रुसलेले आजोबासुद्धा.

माणसं चढली, चिठ्ठीप्रमाणे बसली, तरी अकरा मिनिटं उरली. तो पुन्हा आला, तेव्हा ती खिडकीखाली उभी राहून एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत होती.

"माझी तक्रार लिहिताय का?"

"नाही. माझी."

आता मात्र तो हसला. त्याचं नाव मल्हारी, तो इथला सहायक स्टेशन मास्तर. तिनं पर्समधून कार्ड काढून दिलं. 'मंगल नियोजन, शिरूर'. त्यानं ते दोनदा वाचलं, आणि खिशात ठेवण्याआधी त्याचा वाकलेला कोपरा बोटानं सरळ केला.

दोन हजार चार सालचा मार्च होता तो.

ज्ञानेश्वरी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. चुलत बहिणीच्या लग्नात पाहुणे जेवायला बसले आणि पाण्याचा टँकर तासभर उशिरा आला, तेव्हा तिला वाटलं, हे सगळं आधी कागदावर मांडता आलं असतं. एवढ्याशा वाटण्यातून धंदा उभा राहिला. शिरूरच्या एसटी स्टँडमागे एक खोली, एक टेबल, एक फोन. लोक यायचे आणि विचारायचे, मांडव मांडववाला देतो, जेवण आचारी करतो, मग तुम्ही नक्की देता काय? ती म्हणायची, "वेळ." लोक एकमेकांकडे बघायचे.

दोन वर्षांत तीस लग्नं झाली. लग्नपत्रिकेत 'व्यवस्थापक' म्हणून भावकीतली चाळीस नावं छापली जायची. त्यातली अडतीस माणसं जेवणाच्या पंगतीत पहिल्यांदा दिसायची. तिचं नाव कुठंच नसायचं, आणि ते तिला खुपायचं असंही नाही. खुपायचं ते सकाळी. खोलीचं कुलूप काढताना. उशीर झाला तर विचारणारं कुणी नाही, बरं झालं म्हणणारंही कुणी नाही. मग तिनं स्वतःपुरते नियम केले होते. नऊच्या आत कुलूप उघडायचं. सगळ्यात नकोसा वाटणारा फोन सगळ्यात आधी करायचा. आणि प्रत्येक लग्नानंतर चुका लिहून काढायच्या, प्रयोगाच्या वहीसारख्या. तारीख, काय घडलं, का घडलं.

नियम पाळूनही यंदा कामात मन लागत नव्हतं. फेब्रुवारीत तिनं रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अर्ज केला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पत्र आलं. एक जूनला हजर व्हा, होकार पंचवीस मेच्या आत कळवा. आईनं ते पत्र देवघरात गणपतीच्या फोटोमागे ठेवलं, आणि नोकरी धरावी हे आईचं म्हणणं ज्ञानेश्वरीला कळलं.

तिनं ठरवलं, हातातली कामं संपवायची आणि होकार कळवायचा. तसं ठरवून चार दिवस झाले असतील, आणि दारात पांढऱ्या गणवेशाऐवजी निळ्या शर्टातला मल्हारी उभा राहिला.

"आज रेस्ट आहे," तो म्हणाला. "म्हटलं, एसटीत बसून बघावं. तोंड कुठं असतं ते."

ती हसू दाबत खुर्चीकडे बोट करून पुन्हा लिहायला लागली. पण ओळ चुकली.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, अंकिताचं लग्न होतं. तेवीस मे, गावी, वडगाव रासाईला. मुहूर्त दुपारी बारा पस्तीस. वडील हौशीराम, म्हणजे गावाचे आबा, जन्मभर मेंढरांमागं फिरून म्हातारपणी शेतीत बसलेले. घरात माणसं भरपूर, पण सगळीच हुकूम सोडणारी.

"लग्न वेळेवर लागलं पाहिजे," मल्हारी म्हणाला. "स्टेशनातली सगळी माणसं येणार आहेत. बारा पस्तीसचं लग्न दोनला लागलं, तर जन्मभर ऐकावं लागेल मला."

ती म्हणाली, हे काम ती घेईल, पण हे शेवटचं. आणि का, तेही सांगितलं. का सांगितलं ते तिला कळलं नाही. ज्याला सांगायची काही गरज नव्हती, त्यालाच पहिल्यांदा सांगितलं...

टेबलावरची ती छोटी वही त्यानं विचारून उचलली आणि चाळली. तीस लग्नं. पानामागून पान. वरण कमी पडलं. भटजींना न्यायला गाडी गेली नाही. अंतरपाट सापडेना.

"यात नीट झालेलं कुठं लिहिलंय?"

"नीट झालं तर लिहायचं काय?"

"आमच्याकडं प्रत्येक गाडी लिहितात," तो म्हणाला. "वेळेवर आलेलीसुद्धा. गाडी वेळेवर आली, की प्रवासी घरी जातात. आमच्याकडं कुणी बघायला येत नाही. मला आधी वाईट वाटायचं. नवीन होतो. मग आमच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, फलाटावर उभा राहा आणि बघ, किती माणसं तुझ्याकडं न बघता जातात ते. तेवढं तुझं काम झालं."

"आणि तेवढ्यानं पुरतं तुम्हाला?"

"रोज नाही पुरत," मल्हारी म्हणाला. "ज्या दिवशी पुरत नाही, त्या दिवशी चहा पितो."

मग दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर ती पाच वेळा वडगावला गेली. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या दुपारच्या एसटीनं जायची, संध्याकाळच्यानं परत यायची. पाचपैकी चार वेळा मल्हारीची रेस्ट नेमकी त्याच दिवशी निघाली. असं होण्याची शक्यता किती, याचा हिशोब तिला मांडता आला असता. तिनं मांडला नाही.

ती मोजायची फीत धरायची, तो दुसरं टोक धरायचा. मांडव एवढा, चुलाण वाऱ्याच्या पडत्या बाजूला, पाण्याचे टँकर विहिरीपाशी. भीमेकडून दुपारी जो वारा सुटतो, त्यानं मांडवाचं कापड उडू नये म्हणून तिनं दोर कुठं बांधायचे ते चुन्यानं आखून ठेवलं. घरची माणसं गंमत बघायला यायची. मल्हारीची आई धुरपदाबाई तिला हाताला धरून घरात न्यायची, भाकरी-पिठलं पुढ्यात ठेवायची आणि जेवून होईपर्यंत समोरून हलायची नाही.

एकदा काम संपल्यावर एसटीला वेळ होता. दोघं नदीच्या काठावर बसले. पाणी उतरलं होतं, वाळूत बगळे हिंडत होते.

"प्रयोगशाळेत सुट्टी कधी असते?" त्यानं विचारलं.

"गुरुवारी. तिकडं वीज गुरुवारी बंद असते."

"माझी रेस्ट बदलत राहते."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला. "नुसतं जुळवून बघत होतो."

तिनं वाळूतला एक शिंपला उचलला, पुसला, पुन्हा होता तिथं ठेवला. पुढं तो बोलेल असं वाटलं... पण एसटीचा हॉर्न ऐकू आला, आणि दोघं एकदमच उठले.

नोकरी घे किंवा घेऊ नको, यातलं एकही वाक्य त्यानं त्या महिनाभरात उच्चारलं नाही. तिला त्याचा थोडा रागही आला होता.

लग्नाला चार दिवस राहिले आणि खरी अडचण उभी राहिली. मुहूर्ताआधी माइकवरून एकेकाचं नाव पुकारायचं, त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, हा त्या भागातला रिवाज. दीडशे नावं. आधी कुणाचं आणि मागून कुणाचं, यावर आबांच्या अंगणात दोन दिवस भांडण चाललं. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "ज्ञानेश्वरीबाई, तुमीच काय ते करा. शिकल्याली माणसं तुमी."

तिनं केलं. यादी अकारविल्हे लावली. कुणाचा मान नाही, कुणाचा अपमान नाही. शाळेत हजेरी घेतात तशी. वरती ठळक अक्षरांत ओळही लिहिली, की ही यादी अक्षरांच्या क्रमानं आहे, मानाच्या क्रमानं नाही. तिला स्वतःलाच ती युक्ती फार स्वच्छ वाटली.

तेवीस तारखेला सगळं घड्याळासारखं चाललं. भटजी अकराला आले. नवरदेव साडेअकराला पारावरून निघाला. दौंडचे रेल्वेवाले पहिल्या रांगेत बसून मल्हारीला डोळ्यांनी चिडवत होते. अकरा पन्नासला माइकवाल्यानं यादी हातात घेतली, वरची ठळक ओळ सोडून दिली, आणि थेट पहिलं नाव पुकारलं. अंकुश.

या अंकुशशी नवरीचे मामा चांगदेव सात वर्षं बोलत नव्हते. शेताच्या बांधावरून.

मग अर्जुन, मग आत्माराम. एकेकाला आखल्यापेक्षा जास्तच वेळ लागत होता. बारा वाजून दहा मिनिटांनी चांगदेवमामांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्यांची खुर्ची मोकळी होती. मामा मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन जमिनीवर बसले होते, पाठ मांडवाकडे करून. आणि मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा खाली बघत राहिले. अंकिता आत नटून बसली होती, तिला कुणीतरी जाऊन सांगितलं, आणि आतून रडणं ऐकू आलं.

मल्हारी लिंबाकडे निघाला. ज्ञानेश्वरीनं त्याची बाही धरली. पहिल्यांदाच. मग लगेच सोडली.

"तुम्ही नका जाऊ. चूक माझी आहे."

ती गेली आणि मामांच्या शेजारी मातीत बसली. सुती साडी होती, नवी. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या भैनीच्या लेकीचं लगीन," ते म्हणाले. "आन् मी तेविसावा."

ती सांगायला लागली. अक्षरांचा क्रम असतो, त्यात 'अ' आधी येतो, 'च' मागून, शाळेत हजेरीसुद्धा अशीच...

"म्या शाळंत गेलोच न्हाई, बाई," मामा म्हणाले. राग नव्हता त्यात. "बारा वर्साचा होतो तवापास्नं मेंढरामागं. 'अ' कुठं आन् 'च' कुठं, मला काय ठावं? मला येवढंच कळतं, धा जणांम्होरं कुणाचं नाव आधी घेतलं."

ज्ञानेश्वरीचा स्वच्छ क्रम. तो फक्त शाळेत बसलेल्यांसाठी स्वच्छ होता. पुढ्यात दीडशे माणसं, त्यातली निम्मी मामांसारखी, आणि तिनं त्यांना अशा रांगेत उभं केलं होतं, जिचं टोक त्यांना दिसतच नव्हतं.

"हे माझ्या डोक्यात आलं नाही, मामा," ती म्हणाली. "यायला पाहिजे होतं."

बराच वेळ मामा काडीनं मातीत रेघा ओढत राहिले. बराच वेळ म्हणजे तिच्या घड्याळात दोन मिनिटं.

"तुझं नाव कितवं लिवलंयस?"

"माझं नाही लिहिलं. मी कामाची माणूस."

"लिवलं असतंस तर कितवं आलं असतं?"

"ज्ञानेश्वरी," ती म्हणाली. "शाळेच्या तक्त्यावर 'ज्ञ' अगदी शेवटी असतो. त्याच्यामागं अक्षरच नाही."

मामांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलले, आणि ते हसायला लागले. "म्हंजी एवढं समदं मांडून तू माझ्याबी मागं, व्हय?" गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "चल. पोरगी रडती आत. उशीर नगं."

मांडवात येऊन त्यांनी माइक मागून घेतला. अजून शंभरावर नावं उरली होती. मामा म्हणाले, "म्या नवरीचा मामा. माझा मान म्या घेतला न्हाई. आता दुसऱ्या कुणी मागू नगा. वाजवा."

आणि कुणीही मागितला नाही. कसा मागणार?

बारा सदतीसला अक्षता पडल्या. सहाशे हात एकदम वर गेले, पिवळ्या तांदळांनी मांडव भरून गेला. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. ज्ञानेश्वरी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, आणि त्या सहाशे माणसांतलं एकही तिच्याकडे बघत नव्हतं. हे तिनं घडवलं होतं. मोडलंही तिनंच होतं, आणि पुन्हा जोडलंही. गेला तास-दीड तास तिला ते पत्र एकदाही आठवलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, एक जण बघत होता. बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायचं सोडून.

चार वाजता वऱ्हाड गेलं. मांडवाचं कापड उतरवायला सुरुवात झाली होती. ती खोक्यावर बसून उरलेले नारळ मोजत होती, तेव्हा मल्हारी दोन पत्रावळी घेऊन आला. सकाळपासून दोघंही जेवले नव्हते. शेजारी बसून त्यानं एक पत्रावळ तिच्या मांडीवर ठेवली.

"दोन मिनिटं लेट," तो म्हणाला. "रेल्वेत पाच मिनिटांपर्यंतच्या उशिराला कुणी उशीर म्हणत नाही."

"माझ्याकडं म्हणतात."

"माझ्याकडं?" त्यानं तेवढा एकच शब्द उचलला. "म्हणजे पुढंही तुमच्याकडं?"

तिनं बुंदीचा घास घेतला, सावकाश खाल्ला. मग सांगितलं, की उद्या रांजणगावला स्वतः जाऊन नाही म्हणून येणार आहे. पत्र पाठवून नाही, जाऊन. आईला मात्र आज सांगणार. आईला सांगणं हे सगळ्यात नकोसं काम आहे, म्हणून ते आधी.

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"महिनाभर हेच म्हणायचं होतं मला," मल्हारी म्हणाला. "म्हटलं नाही. माझ्यासाठी थांबलात असं पुढं कधी वाटायला नको होतं. ना तुम्हाला, ना मला."

"मी तुमच्यासाठी थांबत नाही."

"माहितीय."

"पण..." ती अडखळली. प्रयोगशाळेत नळीतलं पाणी रेघेपाशी यावं आणि एकच थेंब उरावा, तसं झालं तिचं. "पण तुम्ही आसपास असलात तर काम बरं होतं. हे मी पाचदा पाहिलंय. प्रत्येक वेळी तेच."

"चारदा," तो म्हणाला. "एकदा रेस्ट मिळाली नव्हती."

"त्या वेळी माप चुकलं. म्हणून ती वेळही धरली."

मल्हारीनं पत्रावळ बाजूला ठेवली. त्याच्या बोटांना हळद लागलेली होती, सकाळची. "ज्ञानेश्वरी," तो म्हणाला, आणि मॅडम नाही, बाई नाही, नुसतं नाव असं पहिल्यांदाच आलं त्याच्या तोंडी. "माझ्या ड्युटीचं काही खरं नसतं. घरी कधी असेन, कधी नसेन. तरी विचारतो. लग्न कराल माझ्याशी?"

मांडवाचं शेवटचं कापड वाऱ्यानं फुगलं आणि खाली आलं. आता डोक्यावर मोकळं आभाळ होतं.

"मेमध्ये नाही जमणार," ती म्हणाली. "पुढच्या मेमध्ये माझी कामं असतील. एप्रिलमध्येही. डिसेंबरातही मुहूर्त दाट असतात."

"मग?"

"मला एकही दिवस रिकामा दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "तरी एक काढते मी. तुम्ही आधी घरी येऊन आईला विचारा. आजच. मी पत्राचं सांगेन, तुम्ही हे सांगा. एकटीनं दोन्ही नाही सांगता येणार मला."

मल्हारीनं घड्याळ पाहिलं. शिरूरची एसटी सुटायला बावीस मिनिटं होती. तो आत जाऊन हात धुऊन, सदरा बदलून आला, तेव्हा ती पाय झाडून उभी होती. दारात धुरपदाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांनी बुंदीची एक पुडी बांधून आणली आणि ज्ञानेश्वरीच्या हातात देत म्हणाल्या, "आईला दे. म्हणावं, धुरपदानं दिली."

एसटीत गर्दी होती. एकच जागा मिळाली. ती बसली, तो शेजारी दांड्याला धरून उभा राहिला. न्हावऱ्याला कुणीतरी उतरलं, शेजारची जागा मोकळी झाली, आणि तो बसला. तिनं पुडी दोघांच्या मधून उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि मग मध्ये काही उरलं नाही.